आठ तासांचं लोकेशन

नमस्कार ताई,

मी ५३ वर्षांची आहे, पुण्यात सहकारनगरला राहते. बँकेत होते, पाच वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली. एकुलती एक मुलगी, २३ वर्षांची. वर्षापूर्वी तिला हिंजवडीत फेज थ्रीला नोकरी लागली. सकाळी सातच्या आत स्वारगेटहून कंपनीची बस, परत यायला रात्रीचे साडेआठ-नऊ. गेल्या महिन्यात जेवताना तिनं सांगितलं की वाकडला दोन मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये तिसरीची जागा आहे, एक तारखेपासून राहायला जातेय. विचारलं नाही, सांगितलं. पंधरा दिवस मी नाहीच म्हणत होते. शेवटी म्हटलं, जा, डिपॉझिटचा तुझा हिस्साही मी भरते, पण माझ्या चार अटी. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन कायम चालू, रात्री नऊला व्हिडिओ कॉल, दर शुक्रवारी रात्री घरी, आणि बुधवारी बाबा डबा घेऊन येतील. तर म्हणते, "आई, मग मी जातेच कशाला?"

मध्यंतरी एकदा तिचा फोन दोन तास बंद होता. मी घाबरून कुठून तरी नंबर मिळवला आणि तिच्या मॅनेजरला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमचे हे म्हणतात, "सोड आता." सोड म्हणायला काय जातं? गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईपर्यंत जिचं लक्ष नसतं, ती एकटी काय राहणार? मीही कराडहून शिकायला आले होते, कर्वेनगरला वसतिगृहात राहिले, पण तेव्हाचा काळ वेगळा होता. घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी, दुसरं काय सांगू? काळजी करणं हा गुन्हा आहे का? ती तुमचं सदर वाचते. तिला चार शब्द समजावून सांगाल का?

ता. क. झोप नीट लागत नाही. पहाटे तीनला उठून तिचं 'लास्ट सीन' बघते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई करोनानं गेली. वॉर्डात तिचा फोन दोन दिवस लागत नव्हता, मग हॉस्पिटलचाच आला. हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे.

– एक आई, सहकारनगर

नमस्कार.

तुमच्या मुलीला मी काहीही समजावून सांगणार नाही. सहकारनगर ते हिंजवडी फेज थ्री अशी रोज ये-जा करून जिनं वर्ष काढलं, तिला शहाणपण शिकवायची माझी पात्रता नाही. संध्याकाळी वाकडच्या पुलाजवळ ज्यांची बस अडकली आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. नोकरी तिची, पगार तिचा, जागा ओळखीच्या मुलींबरोबरची, ऑफिस जवळ, प्रवासातले कितीतरी तास वाचणार. यात समजावण्यासारखं आहे काय? 'विचारलं नाही, सांगितलं' हे तुम्हाला लागलंय. पण कमावती मुलगी जेवायच्या टेबलावर, आईबाबांसमोर, तारखेसकट सांगते, तर तिला घरात वळण बरं लागलंय असं मी म्हणेन. काही घरांत सामान हलल्यावर कळतं.

आता मॅनेजरचा फोन. तुम्ही तो दोन ओळींत उरकलात, म्हणून मी तिथे जरा रेंगाळते. तुम्ही बँकेत होतात. तुमच्या शाखेत नव्यानं लागलेल्या एखाद्या मुलाच्या आईनं शाखाधिकाऱ्यांना फोन करून "आमचा बंड्या फोन उचलत नाही हो" असं सांगितलं असतं, तर जेवणाच्या सुट्टीत ते किती दिवस पुरलं असतं? तो मुलगा पुढे साहेब झाला असता तरी जुन्या लोकांसाठी बंड्याच राहिला असता. तुमच्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच मॅनेजरसमोर बसून आपण जबाबदारी घ्यायला तयार आहोत असं दाखवायचं होतं. तीन दिवसांचा अबोला म्हणजे तुम्ही स्वस्तात सुटलात. तिची माफी मागा. एकदाच मागा, आणि 'पण मला किती काळजी वाटली ते तुला काय माहीत' हे शेपूट लावू नका. शेपूट लागलं की ती माफी तक्रार होते आणि तुमचं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू.

लाइव्ह लोकेशन कायम चालू, ही अट तर व्हॉट्सॲपलाही मान्य नाही. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय देतं. आठ तास झाले की आपोआप थांबतं. म्हणजे मुलीनं रोज तीनदा ते नव्यानं चालू करायचं, आणि एकदा विसरली की तुमच्या पोटात गोळा. कायम चालणारी दुसरी ॲप आहेत, ती शोधायला जाऊ नका. त्या ठिपक्याला फोन कुठे आहे एवढंच कळतं, मुलगी कशी आहे ते कळत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता ठिपका अर्धा तास जागचा हलला नाही, तर तिथे काहीही झालेलं नसतं, फक्त संध्याकाळचे सात झालेले असतात. आणि समजा तो वाकडऐवजी औंधला दिसला, तर तुम्ही काय करणार? फोन. उचलला नाही तर परत फोन. मग मैत्रिणीला. मग… मॅनेजरचा नंबर आहेच.

हे असंच होतं, आणि ते तुमच्या एकट्याच्या बाबतीत होत नाही. धास्ती वाटली की बघायचं, बघितलं की जिवाला थोडं बरं वाटतं. मन त्यातून एवढंच शिकतं की बघितल्याशिवाय बरं वाटत नाही. मग पुढची धास्ती लवकर येते. तासाला एकदा बघणारा माणूस हळूहळू दहा मिनिटांवर येतो आणि तरी त्याला पुरत नाही. चिंतेच्या आजारांवर उपचार करणाऱ्यांना हे चक्र चांगलं ओळखीचं आहे. ते तोडायचं ते न बघण्यानं, आणि त्या वेळात येणारी अस्वस्थता सोसण्यानं. ती अस्वस्थता चढते, थोडा वेळ टिकते आणि आपली आपण उतरते. पहिल्या आठवड्यात तुमचा यावर विश्वास बसणार नाही. नका ठेवू. फक्त फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जा. रिंग मोठी ठेवा म्हणजे खरोखर कुणाचा फोन आला तर ऐकू येईल.

आणि ती घार. ओळ किती गोड आहे, पण त्यात आकाशात हिंडतेय कोण? घार. पिलांना अजून उडता येत नाही म्हणून ती घरट्यात आहेत. तुमच्या घरी पिलू सकाळी सातला बस पकडून कामावर जातं आणि घार सोफ्यावर फोन धरून बसते. व्हीआरएसनंतरच्या पाच वर्षांत तुम्ही काय करता, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पुन्हा वाचून खात्री केली. बँकेतल्या बाईचा दिवस कसा भरगच्च असतो! तो सगळा वेळ आणि ते सगळं बारीक लक्ष मुलीच्या एकटीच्या वाट्याला आलं तर ती वाकडला जाईल नाहीतर काय करेल?

'तेव्हाचा काळ वेगळा होता' हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. तुमचं कर्वेनगरच घेऊ. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला नेला. घरातली मुलगी तिथे राहायला पाठवणाऱ्यांनी तेव्हा काय काय ऐकून घेतलं असेल! तेच हिंगणे आज कर्वेनगर आहे, आणि कराडची एक मुलगी तिथे येऊन राहिली, शिकली, बँकेत लागली. तुमच्या आईला तुमचा आवाज कधी ऐकू यायचा? रात्री दर उतरले की एसटीडी बूथबाहेर रांग लावून, तोही आठवड्यातून एखाद्या वेळी. मधले दिवस त्यांना कसे गेले असतील ते तुम्हाला आता कळतंय. त्या काळजी करत नव्हत्या असं थोडंच आहे? पण बघत बसायला हातात काही नव्हतं, म्हणून त्या उठून आपल्या कामाला लागत असणार.

आजही शास्त्री रस्त्यावर जा, सदाशिव-नारायण पेठेतल्या बोळांतून फिरा. औसा, गेवराई, जिंतूर, कुठून कुठून स्पर्धा परीक्षेला आलेली पोरं-पोरी कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन राहतात, मेसचं जेवतात, रात्री अभ्यासिका बंद होईपर्यंत बसतात. त्यांच्या आया शेकडो किलोमीटर लांब आहेत. पुणं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलांना भाड्यानं जागा देत आलंय, आणि पुण्यातल्याच आईला वाकड मात्र परमुलुख वाटतं. (कोथरूडच्या पलीकडे सगळं परमुलुखच, असं मानणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये.)

काळ बदललाय हे मात्र खरं, आणि त्यातला एक बदल मला खरोखर धोक्याचा वाटतो. रस्त्यावरची गर्दी. वाकडला गेल्यावर दोन-तीन महिन्यांत तुमची मुलगी ऑफिसला जायला दुचाकी घेणार, लिहून ठेवा. तिथे अवजड गाड्या आहेत, हायवेचा सर्व्हिस रोड आहे, उलट्या दिशेनं येणारे महाभाग आहेत. तुमच्या चार अटींत हेल्मेट नाही.

आता ताजा कलम. 'हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे' असं म्हणता. मला वाटतं, तेच लिहायला तुम्ही बसला होतात आणि वाटेत मुलीचा विषय लागला. फोन लागत नाही, लागत नाही, आणि मग येतो तो हॉस्पिटलचा. हे तुम्ही एकदा सोसलं आहे. त्या दिवशी मुलीचा फोन बंद लागला तेव्हा तुम्हाला धडकी भरली ती एका मीटिंगमुळे नव्हती. तुम्ही परत एप्रिल २०२१ मध्ये उभ्या होतात. त्या महिन्यात पुण्यात अशी किती घरं होती: माणूस आत, घरचे बाहेर, मध्ये फक्त एक मोबाइल. शेवटचं बघणं नाही, चार माणसं जवळ बसणं नाही. नंतर सगळे कामाला लागले. तुमची व्हीआरएसही त्याच सुमाराची दिसते. म्हणजे आई गेली, नोकरी गेली, आणि रडायला वेळ काढला की नाही, हे तुम्हालाच माहीत.

मुलीशी आजीबद्दल बोलता का? ती तेव्हा अठरा-एकोणीसची असेल, तिचीही आजी गेली. एखाद्या दुपारी जुने फोटो काढा आणि नुसतं बोला. 'म्हणूनच मी मॅनेजरला फोन केला' असा निष्कर्ष काढून दाखवू नका, तिला तो स्वतः काढता येईल. आणि या बोलण्याचा उपयोग तिला थांबवायला तर अजिबात करू नका. तसं केलंत तर तिला ते आयुष्यभर लक्षात राहील.

पहाटे तीनची जाग रोजची असेल, महिनोन्‌महिने चालू असेल, छातीत धडधडत असेल, तर मुलगी शेजारच्या खोलीत झोपली असली तरी ती येतच राहील. अशा झोपमोडीवर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथून सुरुवात करा, नाहीतर सरळ मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तुमचं मन शांत ठेवणं ही मुलीची नोकरी नाही. तिला एक नोकरी आहे, आणि ती पुरेशी दमवणारी आहे.

एवढं करूनही काळजी उरेल. उरू दे. त्या काळजीला जरा कामाला लावा. तुम्ही उभं आयुष्य कागदपत्रं तपासलीत, तर मुलीला विचारा, "ॲग्रीमेंट बघू का?" ती हो म्हणाली तरच बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. 'आपण सगळे घरचेच, कागद कशाला' म्हणणारा मालक किंवा एजंट भेटला तर तिथेच थांबायचं. मुली आधीपासून राहत असतील तर तिसरीचं नाव करारात येतंय का, हे आधी पाहा. नाव नसेल तर उद्या डिपॉझिट मागताना तिच्याकडे काहीच नसतं. पैसे बँकेतून द्यायचे, रोख नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिलेली असावी. पहिल्या दिवशी भिंती, नळ, गिझर, सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे, कारण जाताना मालकाला भिंतीवरचा प्रत्येक डाग तुमच्याच मुलीचा वाटतो.

दुसरं, रात्रीची पाळी. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत पोचवायची सोय मालकानं करायची असते. घरापर्यंत म्हणजे दारापर्यंत, हायवेवर उतरवून नाही. वाकडला गेल्यावर 'जवळच तर आहे, रिक्षानं जाते' असं मुली म्हणतात आणि कंपनीला ते सोयीचंच असतं. हे एक वाक्य तिला जरूर सांगा, मग तो विषय सोडा.

तिसरं, फोन लागला नाही तर काय करायचं ते आत्ताच, शांत डोक्यानं, तिघांनी बसून ठरवा. किती वाजेपर्यंत वाट बघायची ते तिला ठरवू द्या. त्यानंतर फ्लॅटमधल्या एका मुलीला फोन, मग दुसरीला, मग बाबा गाडी काढतील. खरंच काही गंभीर वाटलं तर ११२. ही यादी फ्रिजवर लावा. मॅनेजर त्या यादीत नाही. आणि मैत्रिणींचे नंबर त्यासाठीच आहेत, 'आज भाजी कुठली केली गं' हे विचारायला नाहीत.

चार अटींपैकी नऊचा व्हिडिओ कॉल सोडा. रात्री घरी पोचल्यावर एक मेसेज, एवढं मागणं रास्त आहे, आणि माझ्या अनुभवानं मुलं ते आनंदानं करतात, कारण त्याला उत्तर म्हणून प्रश्नावली येत नाही. तुम्ही फक्त अंगठा पाठवा. शुक्रवारचं बंधन काढलंत तर ती पहिले दोन-तीन शुक्रवार येणार नाही, मग कपडे धुवायला येईल. बुधवारचा डबा रद्द. तिनं बाबांना बोलावलं तर ते जातील, आणि परत आल्यावर फ्लॅट कसा होता, कोण कोण होतं, सिंकमध्ये भांडी होती का, अशी त्यांची उलटतपासणी होणार नाही. 'सोड आता' म्हणून पेपर उघडणाऱ्या माणसालाही थोडं काम हवं. संध्याकाळी तुमच्याबरोबर तळजाईला चालायला येणं, हे त्यांचं काम.

दुधाचं राहिलं. दूध उतू जातं कारण तुम्ही घरात आहात. तुमचं नाक तिच्या नाकापेक्षा तेज आहे, तुम्ही आतल्या खोलीतून धावत येऊन गॅस बंद करता, मग ती कशाला उभी राहील? विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही होते. त्यांचं म्हणणं असं की आई सुरुवातीला बाळाची हरेक गरज ओळखून भागवते आणि मग हळूहळू, बाळाला जेवढं झेपेल तेवढी, कमी पडत जाते. हे कमी पडणं हा तिचा दोष नाही, ते तिच्या कामाचा भाग आहे. त्यांनी ते तान्ह्या मुलांबद्दल मांडलं. मी ते २३ वर्षांच्या मुलीला लावतेय, कारण तुमच्या घरी ते थोडं लांबलंय. वाकडच्या ओट्यावर दूध उतू जाईल, बर्नर चोंदेल, दोन मैत्रिणी तिच्यावर वैतागतील आणि तिला तो खरवडून साफ करावा लागेल. त्या दिवशी तिनं फोन केला तर "तरी मी सांगत होते" हे तेवढं गिळून टाका.

डिपॉझिटचं शेवटी ठेवलं, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. द्यायचं असेल तर उसनं द्या, वर्षभराचे हप्ते ठरवून. नाहीतर देऊच नका, ती पगारातून उभं करेल, पहिले दोन महिने जरा ओढाताण होईल. पण लोकेशनच्या बदल्यात देऊ नका. कर्जाला तारण म्हणून माणसाचा ठावठिकाणा घेणारी बँक निदान मी तरी पाहिलेली नाही.